परवानाधारक बाहेरगावी आहेत

दिवा गावातल्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर दोन सागवानी खुंट्या आहेत. त्यांवर ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली असे. गावातले लोक तिला पूर्वजांची समजत. ती तशी नव्हती. खरी बंदूक माझ्या आजेसासऱ्यांनी सरकारात जमा केली आणि ती परत आली नाही. पुढे माझ्या यजमानांनी कल्याणच्या एका कारागिराकडून हुबेहूब तशीच नवी घडवून घेतली, दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीसकट. परवाना त्यांच्या नावाचा होता. खाडीकाठच्या भातात रानडुकरे उतरत, म्हणून त्यावर कारण लिहिले होते : पिकाचे रक्षण.

सन १९४४ च्या दिवाळीनंतर यजमान माडीसाठी साग पाहून येतो म्हणून कारवारकडे गेले. ते आले नाहीत. पत्रही आले नाही. चौकशी जेथवर करता येते तेथवर केली. मी कुंकू उतरवले नाही, आणि तो विषय घरात कोणी काढलेला मला चालत नसे.

परवाना दर जानेवारीत नवा करून घ्यावा लागे. आमचा गडी काळुराम बंदूक गोणपाटात गुंडाळून कल्याणच्या कचेरीत नेई. सोबत माझी चिठ्ठी असे : ‘परवानाधारक बाहेरगावी आहेत. आल्यावर समक्ष हजर होतील.’ तेथला जुना कारकून आमचे घर ओळखत होता. तो चिठ्ठी ठेवून घेई आणि शिक्का मारून देई. हे मी एकही वर्ष चुकू दिले नाही. यजमान परत येतील तेव्हा त्यांची वस्तू त्यांच्या नावावर आणि त्यांच्या जागी असली पाहिजे, एवढाच त्यात हेतू होता.

सन १९५२ च्या जानेवारीत काळुराम चिठ्ठी तशीच परत घेऊन शिक्क्याशिवाय आला. जुना कारकून निवृत्त झाला होता. नव्या कारकुनाने सांगून पाठवले होते की बंदूक ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी स्वतः यावे.

मी कचेरीत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी गोदूबाई, माझ्या थोरल्या नणंदबाई, निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाल्या, “मागतील ते लिहून दे, वहिनी. माणूस गेलं. वस्तू तरी घरात राहू दे. का कुंकवाचा करंडाही सांभाळायचा आहे आणि बंदूकही?”

मी त्यांना तांदूळ निवडायला सांगितले.

कचेरीतला कारकून तिशीचा असेल. त्याने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “बसा, आजी.”

“मी तुमची आजी नव्हे.”

“बरं, बाईसाहेब, बसा.”

तो उद्धट नव्हता. त्याने बंदूक उलटसुलट करून पाहिली. पुरातन आणि निकामी हत्यार असेल तर परवान्याची गरज नाही, ही पूर्वजांची आहे असे काळुराम म्हणत होता, तेव्हा तसे लिहून दिले की काम झाले, असे त्याने सांगितले. सवलत म्हणूनच तो ती वाट दाखवीत होता.

“ही नक्कल आहे,” मी म्हटले. “आणि उडते.”

त्याने परवाना नीट वाचला. तेथे तसेच लिहिले होते : जुन्या धर्तीची, सन १९३६ मध्ये घडविलेली. नक्कल उडत असेल तर ती कायद्याला बंदूकच, आणि नळी बुजवून शोभेला ठेवायची म्हटले तरी अर्ज परवानाधारकाचाच लागतो, असे तो म्हणाला. परवानाधारक कोण, असे त्याने विचारले. मी कागदावरच्या नावावर बोट ठेवले. ते नाव मी लग्नापासून कधी उच्चारलेले नाही.

मग त्याने दप्तर सोडले. माझ्या साती चिठ्ठ्या एका दोऱ्यात ओवलेल्या होत्या. शाई निरनिराळी, मजकूर तोच. त्याने त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. त्याचा चेहरा उजळला.

“काम सोपं आहे, बाईसाहेब. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो माणूस कायद्याने मयत धरता येतो. पुरावा शोधायलाही नको. तुमच्याच हातचा आहे.”

त्याने वारसाचा अर्ज स्वतः लिहून काढला. अक्षर सुरेख होते. नावाच्या आधी त्याने ‘कै.’ लिहिले, टाक माझ्यापुढे केला आणि सहीची जागा दाखवली.

मला काही वाटले नाही. दौतीचे बूच त्याने कोठे ठेवले आहे, ते मी पाहत होते. ते खिडकीत होते.

“सही केली नाही तर?”

“तर बंदूक इथे जमा करावी लागेल. शिक्क्याशिवाय घरी नेता येणार नाही.”

“पावती कोणाच्या नावाने?”

“परवानाधारकाच्या.”

“कैलासवासी लावून?”

त्याने परवाना पुन्हा पाहिला. “अर्जच नसेल तर नाही. पावतीवर ते हयातच राहतील.”

“मग पावती लिहा.”

त्याने अर्ज बाजूला ठेवला आणि पावती लिहिली. मी ती वाचून दाखवायला सांगितले. परवानाधारकास समक्ष परत देण्याच्या बोलीवर जमा, मुदत एक वर्ष, पुढे अर्ज न आल्यास सरकारजमा, असा मजकूर होता. सुरुवातीला यजमानांचे संपूर्ण नाव होते, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. सात वर्षांत ते नाव कोणी मोठ्याने घेतलेले मी ऐकले नव्हते. गावात त्यांना भाऊ म्हणत. मी पावती घडी करून कमरेला खोचली. काळुरामने रिकामे गोणपाट उचलले.

घरी गोदूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

“बंदूक?”

“कचेरीत.”

“मग एवढं जाऊन आणलंस काय?”

“पावती.”

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि आत जाऊन पाने घेतली. आम्ही जेवलो. भाजीत मीठ नव्हते, ते दोघींनी वरून घेतले.

खुंट्या काढू का, असे काळुरामने दुसऱ्या दिवशी विचारले. मी नाही म्हटले. त्यांवर काही अडकवायचे नाही, असेही सांगितले. बंदुकीला दर अमावास्येला तेल देत असे, ते काम उरले नाही. शेतात काळुराम पत्र्याचा डबा बडवतो, तसा तो सात वर्षे बडवीतच होता. डुकरे येतात आणि जातात.

आज जानेवारीची पाच तारीख. पावतीची मुदत सरत आली आहे. काळुराम चपला घालून दारात उभा आहे. ‘परवानाधारक बाहेरगावी आहेत. आल्यावर समक्ष हजर होतील,’ असे मी लिहिले, खाली सही केली. हा अर्ज नव्हे, आणि ही आठवी चिठ्ठी पुराव्याच्या त्याच दोऱ्यात ओवली जाईल, हे मला ठाऊक आहे. शाई वाळू दिली आणि कागद त्याच्या हाती दिला.