टॉर्टियातली उकड

किती जण होतात?

नकाशाच्या ॲपवर हॉटेलाबद्दल मत लिहायला घेतलं की हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. उपेंद्र नेहमी 'दोन' दाबायचा.

खरं तर एक. तीन वर्षं झाली, एकच. मुलीला, सृष्टीला, पुण्यात कॉलेजात घातलं तेव्हा बायको, छाया, तिच्याबरोबर गेली, ती 'जरा तिची घडी बसेपर्यंत' म्हणून. घडी बसली, पोरगी शेवटच्या वर्षाला आली, आणि छायाला तिकडे योगाचा क्लास, भिशी आणि आईची दुखरी कंबर असं सगळं मिळालं. शारजातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये उपेंद्र आणि एक भलामोठा फ्रीज एवढेच उरले. फ्रीजमध्ये लोणचं होतं.

पण 'मी खाल्लं' असं लिहिलं की खाली लोक विचारायचे, का हो, एकटेच? म्हणून त्याने 'आम्ही' लिहायला सुरुवात केली. आम्ही टाको मागवले. आम्हाला साल्सा जरा आंबट वाटला. लिहिता लिहिता त्या दुसऱ्या माणसाच्या आवडीनिवडीही ठरून गेल्या. त्याला कोथिंबीर जास्त लागायची आणि चीज चालायचं नाही.

कुठे? कधी?

दुबईतलं जुमेरा लेक टॉवर्स, ऑफिसजवळच. मंगळवार, संध्याकाळी सहा ते आठ.

वेळ पोटाने ठरवलेली नव्हती, रस्त्याने ठरवलेली होती. ऑफिसातून सहाला निघालं तर शारजाला पोचायला साडेआठ, आणि आठला निघालं तर नऊ. मग मधले दोन तास ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा खाण्यात घालवलेले काय वाईट? बाकीचे दिवस तो ऑफिसच्या टॉवरखालच्या दुकानांतून कुठे कुठे बसायचा, नाहीतर शारजात शिरताना कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवून गाडीतच कडक चहा आणि पराठा मागवायचा. हॉर्न वाजवला की माणूस बाहेर येतो, काच खाली करायची, बोटाने 'एक' दाखवायचं. बोलायचीही गरज पडत नाही. मंगळवार मात्र मेक्सिकनचा.

चव कशी होती?

इथे जरा वेळ लागेल, कारण उपेंद्रची या विषयावर मतं होती आणि ती ऐकायला घरात कोणी नव्हतं.

त्याचं म्हणणं असं, की मेक्सिकन म्हणजे काय हे या देशात बरंचसं चीजवर ठरतं. जितकं ओघळेल तितकं मेक्सिकन. मॉलमधल्या फूडकोर्टात तर बरिटो म्हणून राजमा-भाताची सुरळीच हातात देतात. खरं जेवण वेगळं आहे. त्यांचा तो काळपट मोले नावाचा रस्सा घ्या. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले, सगळं वेगवेगळं भाजून मग वाटायचं. पहिल्यांदा तो चाटला तेव्हा उपेंद्रला वाटलं, हे वाटण कुणीतरी आपल्याकडून मेक्सिकोला नेलं आणि वाटेत त्यात चॉकलेट सांडलं. आणि मका. मका ते लोक चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, मग दळतात. आपण चुना पानाला लावतो, त्यांनी भाकरीला लावला.

त्या भाकरीची, म्हणजे टॉर्टियाची, एक परीक्षा असते. सारण घालून दुमडली की तिचा टाको होतो, तेव्हा ती दुमडायची. उपेंद्रने आजवर चौदा ठिकाणी दुमडून पाहिली होती. तेरा ठिकाणी ती मधोमध तडकली आणि आतला सगळा माल मांडीवर आला. चौदावं ठिकाण हे. इथली दुमडली, उलगडली, परत दुमडली. तुटली नाही. बेचाळीस दिरहॅमला तीन टाको, म्हणजे जवळजवळ हजार रुपये, पण तुटली नाही.

आणि जिभेला मक्याच्या मागे आणखी काहीतरी लागत होतं. ओळखीचं, मऊ, वाफेच्या वासाचं. तीन मंगळवार तो त्यावर विचार करत राहिला. चौथ्या मंगळवारी त्याने तिथल्या मॅनेजरबाईंना, मुनिबाला, विचारलं, "मॅडम, ये रोटी बनाता कौन है?"

मुनिबा लाहोरची, पंचेचाळिशीची, चष्मा डोक्यावर ढकलून बोलायची सवय. ती म्हणाली, "क्यों सर, बाल निकला क्या?"

"नहीं नहीं. अच्छी है."

"अच्छी है तो बुलाती हूँ."

सेवा कशी होती?

आतून ॲप्रनला हात पुसत एक दाढीवाला गृहस्थ आला. पन्नाशीचा, बुटका, कपाळावर पिठाचा पट्टा. उपेंद्रने हिंदीत सुरुवात केली आणि मध्येच थांबला, कारण छातीवरच्या पट्टीवर 'हमीद' लिहिलेलं होतं आणि त्याने मध्ये म्हटलेल्या 'जी सर'चा हेल समुद्रकाठचा होता.

"कोकणातले का तुम्ही?"

"राजापूर. तुमी?"

"चिपळूणला आजोळ. वाढलो पुण्यात."

"मंग अर्धे आमचे."

"हमीदभाई, खरं सांगा. ह्यात तांदळाची उकड आहे."

हमीदने मागे स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि समोरच्या खुर्चीवर बसलाच. "आजवर कुनी ओळखलं नाय. मेक्सिकोवाला शेफ गेला, तेव्हापासून रोज रोट्या तुटायच्या. हे पीठ पिशवीतलं, जीव नाय त्यात. मंग मी मूठभर उकड घालून मळलं. आमची आई, हव्वाबी, नाचणीची भाकरी तुटायला लागली की असंच करायची. पण कार्डावर लिवलंय शंभर टक्के मका. मालकाच्या कानावर जाऊ देऊ नका."

"छे, छे. मी कशाला सांगतोय?"

"मेक्सिकोत तांदूळ खात नाय का?"

"खातात. त्याचं सरबत करून पितात."

"बघा. पिलेला चालतो, भाकरीत घातला की गुन्हा."

त्या दिवसापासून दर मंगळवारी, गर्दी व्हायच्या आधी, साडेसहाच्या सुमाराला हमीद दहा मिनिटं बाहेर येऊन बसायचा. ताटात तीनऐवजी चार टाको असायचे. चौथा कार्डावर नव्हता. त्यात कांद्यावर परतलेली सुकट, वर कच्ची कैरी. "मेक्सिकोतपण सुकट खातात, भाऊ, त्या शेफनं सांगितलेलं," हमीद म्हणायचा, "म्हंजे हे अस्सलच हाय." मग आंबा यंदा किती लागला, हमीदच्या मुलीच्या, इनायाच्या, नर्सिंगच्या परीक्षा, मधेच उपेंद्रच्या साहेबाच्या नकला. ऑफिसात इंग्रजी, लिफ्टमध्ये हिंदी, सृष्टीचे मेसेज इंग्रजीत. समोरासमोर बसून मराठी बोलणं आठवड्यात तेवढंच, दहा मिनिटं. आठ महिने चाललं. फोन नंबर घ्यावा असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. मंगळवार होता ना.

सविस्तर लिहा.

इथे राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड लागते. भर लिफ्टमध्ये, मेट्रोत, बँकेच्या रांगेत तो समोरच्याच्या टकलाबद्दल मराठीत बिनधास्त बोलतो. कुणाला कळतंय? मराठी ही त्याची कडी लावलेली खोली असते. आठव्या महिन्यातल्या एका मंगळवारी उपेंद्रने त्याच खोलीत बसल्यासारखं लिहिलं:

'आम्ही आजवर यूएईत चौदा ठिकाणी टॉर्टिया खाल्ली. तेरा ठिकाणी ती दुमडली की तुटते. इथे तुटत नाही. कारण आत आपला माणूस आहे. राजापूरचे हमीदभाई मक्याच्या पिठात मूठभर तांदळाची उकड मळतात. ही युक्ती त्यांच्या आईंची, हव्वाबींची. कार्डावर लिहिलंय शंभर टक्के मका. लिहू दे. आपल्याला आतली गोष्ट ठाऊक आहे. शिवाय कार्डावर नसलेला सुकटीचा टाको मागून बघा. पाच स्टार.'

मालक लेबनानी. तो कशाला मराठी वाचतोय? आणि माणसाच्या हाताला चव आहे तर त्याचं नाव यायला नको? उपेंद्रला मनापासून वाटलं, आपण हमीदभाईंचं भलं केलं.

कोणीतरी त्या मजकुराचा फोटो काढून खवय्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेच्या पालकांत गेला, तिथून पुण्यात.

शुक्रवारी छायाचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला. एरवी रविवारी तो करायचा आणि ती 'गॅसवर ठेवलंय' म्हणायची.

"अहो, तुमचं ते टॉर्टियाचं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. जोशीकाकूंनी टाकलं. मी म्हटलं, हे आमचेच."

"हो का?"

"छान लिहिलंय. मला वासच आला उकडीचा. पण हजार रुपयांची भाकरी खाता तुम्ही?"

"तीन असतात गं."

"आणि 'आम्ही' कोण? बरोबर कोण असतं?"

उपेंद्र खिडकीपाशी गेला. खाली पार्किंगसाठी गाड्या गोल गोल फिरत होत्या. "कोणी नाही. लिहायची पद्धत असते ती."

छाया म्हणाली, "पुढच्या वेळी आले की न्या मला तिथे."

पुढच्या वेळी आले की. अकरा मिनिटं बोलली ती. फोन ठेवल्यावर त्याने आकडा बघितला.

काही तक्रार?

पुढच्या मंगळवारी बाहेर रांग होती. दोन मराठी कुटुंबं सुकटीचा टाको मागत होती, शेजारच्या टेबलावरची युरोपियन बाई त्या गलक्याने कपाळाला आठ्या घालून बसली होती. उपेंद्रला कोपऱ्यात जागा मिळाली. ताट आलं. तीन टाको. त्याने पहिला उचलला, दुमडला, आणि तो मधोमध तडकला.

"हमीदभाई?" त्याने मुनिबाला विचारलं.

तिने चष्मा डोक्यावर ढकलला नाही. "अल कूझ भेज दिया, सर. उधर बडी किचन है, डब्बे भरने की. आप ने ही लिखा ना?"

"मैं ने तो मराठी में लिखा था."

"नीचे बटन होता है, सर. ट्रान्सलेशन का. मालिक के भतीजे ने दबाया." तिने टेबल पुसलं, आधीच स्वच्छ होतं तरी. "हमीदभाई बोला, झूठ है, मैं ने कुछ नहीं मिलाया, कस्टमर अपने मन से लिखता है. मालिक मानता नहीं. बोला, महीने के आखिर में देखेंगे, रखना है कि खलास करना है."

उपेंद्रने तिन्ही टाको काट्याने खाल्ले. मांडीवर काही पडलं नाही. आठ वाजेपर्यंत तो बसला, कारण रस्ता भरलेला होता.

आपलं मत बदलायचं आहे का?

नुसतं पुसून भागलं नसतं. फोटो फिरत होते, आणि पुसलं म्हणजे खरंच होतं असं मालक धरून चालला असता. एकच गोष्ट उपयोगाची होती. ती उपेंद्रला त्याच रात्री कळली, आणि लिहायला त्याला गुरुवार उजाडला.

बुधवारभर त्याने बरेच मसुदे केले. 'माझा गैरसमज झाला असावा.' खोडलं. 'तांदळाचा भास होतो इतकी ती मऊ आहे.' हे तर स्तुतीच झाली. खोडलं. पंधरा वर्षं त्याने एका गोष्टीचा अभिमान बाळगला होता. ऑफिसात त्याला बढती मिळाली नाही, गाडी जुनीच राहिली, पण उपेंद्रची जीभ फसत नाही, हे डझनभर लोक तरी म्हणायचे. त्यात आता छाया धरून तेरा.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच बसून, त्याने मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं:

'या हॉटेलबद्दल आधी लिहिलेलं खोटं आहे. पिठात तांदूळ असतो हे मला कुणीही सांगितलं नाही. तिथल्या शेफशी माझी ओळखही नाही. लोकांना वाचायला बरं वाटावं म्हणून मी रंगवून लिहिलं. मला चवीतलं कळत नाही. हमीद यांची माफी मागतो.'

ओळख नाही, हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग पाठवलं, आणि मालकाच्या ईमेलवरही पाठवलं.

खाली लोक लगेच जमले. 'काका, मग चौदा ठिकाणं तरी खरी का?' 'हव्वाबीपण तुमच्याच मनातल्या का?' कोणीतरी हसणारे चेहरे रांगेने लावले. दुपारी छायाचा मेसेज आला. 'हे काय लिहिलंत? जोशीकाकू विचारतायत. मी काय सांगू त्यांना?'

त्याने लिहिलं, 'भेटल्यावर सांगतो.'

निळ्या खुणा आल्या. रविवारी त्याने फोन केला तेव्हा तिने गॅसवर काहीतरी ठेवलेलं होतं.

पुन्हा याल का?

दोन मंगळवार तो गेला नाही. तिसऱ्या मंगळवारी गेला. गर्दी ओसरली होती, कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. मुनिबाने न विचारता टाको आणले.

त्याने एक उचलला आणि दुमडला. उलगडला. परत दुमडला.

तुटला नाही.

त्याने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त हात दिसत होते, कोपरापर्यंत. पिठाचा गोळा भाकरी दाबायच्या प्रेसमध्ये ठेवायचा, दांडा दाबायचा, काढायचा.

"आ गया वापस," मुनिबा हळू आवाजात म्हणाली. "आप के ईमेल के बाद. पर बाहर आना मना है अब उस को. किसी कस्टमर से बात नहीं."

"ठीक है. अच्छा हुआ."

"कुछ बोलना है उसे?"

उपेंद्रने विचार केला. बोलायचं बरंच साठलं होतं, आंब्यापासून. "बोलिये, उस कस्टमर को टेस्ट समझता नहीं."

ती खिडकीशी जाऊन काहीतरी बोलली. हात थांबले. दांडा अर्धा खाली आलेला तसाच राहिला. मग तो पूर्ण खाली आला, आणि पुढचा गोळा आत गेला.

ताटात टाको तीनच होते. त्याने ताट जरा फिरवूनही पाहिलं.

सव्वासातलाच तो उठला. खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू करताना फोन वाजला, ॲपचा. किती जण होतात?

त्याने 'एक' दाबलं. पुढचा प्रश्न आला, चव कशी होती. ती जागा त्याने रिकामी सोडली, फोन शेजारच्या सीटवर उपडा ठेवला आणि गाडी रस्त्याला काढली. शारजाची रांग टॉवर्सपाशीच सुरू झालेली होती.