एकवीस क्रियापदांचा कागद

साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. त्यावर एकवीस इंग्रजी क्रियापदं ओळीने टाईप केलेली होती, आणि एकवीसच्या एकवीस क्रियापदांचं सांगणं एकच, की याच्यामुळे ते झालं. कॉज, ट्रिगर, ब्रिंग अबाउट, लीड टू, रिझल्ट इन, गिव्ह राइज टू, एंजेंडर, असं करत करत शेवटी कॉन्ट्रिब्यूट टू. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला एवढे शब्द कशाला लागतात, असं कुणी विचारलं तर समजावं, की त्याने तिथले अपघाताचे अहवाल वाचलेले नाहीत.

ते अहवाल टाईप करणारीला सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे. कागद तिनेच केलेला. अकरा वर्षांपूर्वी नवी असताना तिने एका पानावर चारदा 'कॉज' लिहिलं होतं, तर साहेबांनी नाक मुरडलं होतं. "अहो बाई, एका पानावर एकच शब्द दोनदा? भाषेला काही डौल हवा की नको?" मग बाई जाडजूड कोश घेऊन तीन दिवस बसली आणि ही वरात काचेखाली आणून उभी केली. तेव्हा तिला स्वतःचा अभिमानही वाटला होता. आता तो आठवला की तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटे.

कारण साहेबांनी त्या डौलाचं भलतंच केलं. कागदावरचे वरचे शब्द कामगारांना, खालचे कंपनीला. मागे छपराचा पत्रा पडून एका हमालाचं डोकं फुटलं. अहवालात वाऱ्याने अपघात ट्रिगर केला, हमालाने तिथे उभं राहून तो कॉज केला, आणि दहा वर्षं गंजत असलेल्या पत्र्याने बिचाऱ्याने जेमतेम कॉन्ट्रिब्यूट केलं. तेही 'मे हॅव' लावून. हमाल घरी बसला, पत्रा नवीन आला आणि साहेबांना मुख्य कचेरीतून सुरेख भाषेबद्दल शाबासकी मिळाली.

यंदा पुठ्ठा कापायच्या यंत्रात दोन बोटं गेली, आणि ती बाईच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची होती.

बहीण आली ती चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात आली. "ताई, तो कागद तूच लिहितेस ना?"

"लिहिते मी. सांगतात साहेब."

"मग ह्यांच्याच चुकीने झालं असं लिहिणारेस? तसा शिक्का बसला तर ह्यांना इथेही घेणार नाहीत आणि दुसरीकडेही कुणी यंत्राला हात लावू देणार नाही. दुसरं काय येतं त्यांना?"

बाई कणीक मळत राहिली. यंत्राच्या तोंडावरची जाळी तीन महिन्यांपूर्वी काढली होती, हे कारखान्यात पोराटोरांना ठाऊक होतं. जाळी काढली की मिनिटाला नऊ खोकी जास्त निघायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खुर्चीत मागे रेलून मजकूर सांगितला. कामगाराच्या घाईने अपघात कॉज केला. त्याच्या बेसावधपणाने तो ब्रिंग अबाउट केला. मग साहेब काचेवर बोट फिरवत फिरवत तळाशी आले. "आणि जाळीच्या तात्पुरत्या अनुपस्थितीने काही परिस्थिती एंजेंडर होण्यास मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड. कसं वाटतं?"

"छान," बाई म्हणाली. असं म्हणायची तिला अकरा वर्षांची सवय होती आणि त्या सवयीची तिला त्या क्षणी किळस आली.

या अहवालांचा एक नियम होता. सरकारी तपासनीस समोर बसायचा आणि जखमी माणसाला सगळा मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवून त्याची सही घ्यायची. वाचायचं काम बाईचं. आजवर चौदा वेळा तिने ते केलं होतं, तेही पुटपुटत, भराभर. समोरचा मान हलवायचा, सही करायचा, चहा पिऊन जायचा.

भाऊजी आले. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. तपासनीस चष्मा पुसत होता, साहेब पेनाचं टोपण उघडून तयार.

बाईने वाचलं, "कामगाराने घाई केल्यामुळे अपघात झाला."

"घाई?" भाऊजी म्हणाले. "मिनिटाला नऊ जास्त काढा, असं कोण ओरडत होतं?"

"पुढे वाचा, बाई," साहेब म्हणाले.

"जाळीच्या तात्पुरत्या अनुपस्थितीने काही परिस्थिती उद्भवण्यास हातभार लागला असण्याची शक्यता आहे."

भाऊजींनी तपासनिसाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग मेहुणीकडे. "ताई, म्हणजे काय गं?"

बाईने कागद खाली ठेवला. "म्हणजे जाळी काढली म्हणून तुमची बोटं गेली."

"मग असं म्हणा की! याच्यावर करतो सही." भाऊजींनी डावा हात पुढे केला.

"पण तसं इथे लिहिलेलं नाही," तपासनीस सावकाश म्हणाला. "जाळी कुणी काढली?"

"मेंटेनन्सकडून काहीतरी—" साहेब सुरू झाले.

बाई उठली आणि कपाटातून फाईल घेऊन आली. तीन महिन्यांपूर्वीचा हुकूम तिनेच टाईप केला होता. 'जाळी काढा. वेग वाढवा.' खाली साहेबांची लफ्फेदार सही. हुकूम देताना साहेबांना डौलाची गरज पडली नव्हती, चार शब्दांत काम झालं होतं.

तपासनिसाने हुकूम वाचला, घडी करून आपल्या पिशवीत टाकला आणि अहवालावरच्या पहिल्या दोन वाक्यांवर काट मारली. "कामगाराकडे दोष नाही. बरे झालात की कामावर या," भाऊजींना तो म्हणाला. "आणि साहेब, तुम्ही उद्या आमच्या कचेरीत."

ते दोघं गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं. चेहरा लालबुंद. अकरा वर्षांचं 'अहो बाई' पार गळून पडलं होतं.

"तुझ्यामुळे झालं हे!" साहेब ओरडले. "सगळं तुझ्यामुळे!"

इतक्या वर्षांत साहेबांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य बाईने प्रथमच ऐकलं. नोकरी गेली, हे तिला कळलं होतंच. तिने पर्स उचलली आणि काचेखालच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"एकच शब्द दोनदा आला, साहेब."