इन्शाचा वकील

“आता मला एक सांगा, पोरीला विचारणार कोण? वकील, का ती डब्यातली बाई?”

भिंगारहून आलेल्या मोठ्या चुलत्यांनी बशी खाली ठेवली आणि प्रश्न टाकला. हे नवऱ्यामुलाचे, म्हणजे आवेजचे चुलते. मंडप, जेवण, तारीख, नवऱ्यानं नवरीला द्यायची मेहरची रक्कम, सगळं ठरून झालं होतं. वकिलाचं तेवढं राहिलं होतं. निकाहाच्या वेळी दोन साक्षीदार घेऊन नवरीकडे जायचं आणि तिची राजीखुशी विचारून यायची, हे वकिलाचं काम. तिसगावच्या या घरात तो मान आजोळचा. म्हणजे नवरीच्या, इन्शाच्या, आईच्या वडिलांचा, बाबाजानचा.

ओटीवर सगळे बाबाजानकडे बघू लागले. इन्शाच्या वडिलांनी, उझैरनं, उगाच टोपी सारखी केली.

बाबाजान कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. मांडीवर टॅबलेट, टॅबलेटला चिकटवलेला कीबोर्ड. उजव्या हाताचं एकच बोट अक्षरं शोधत फिरू लागलं. मंडळींनी वाट पाहिली. मग टॅबलेटमधून ती डब्यातली बाई बातम्या दिल्यासारखी खणखणीत बोलली, “वकील मीच. बाई माझी नोकर हाय.”

चुलते हसले खरे, पण मनातून काही हलले नाहीत. “काझीसाहेबांना विचारून घ्या बाबा,” एवढं बोलून उठले.

आता हा बाबाजान म्हणजे कोण, ते सांगायला हवं. कांद्याच्या बाजारात उभी हयात त्यानं लिलाव पुकारला. आवाज असा, की वाऱ्याविरुद्ध उभा राहिला तरी शेवटच्या ट्रॅक्टरवरच्या माणसाला भाव ऐकू जायचा. व्यापारी त्याला वचकून असत आणि शेतकरी त्याच्या जिवावर निवांत चहा पीत. मग नरड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल बांधून तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्यात लोकांची आणखी एक तऱ्हा. ह्याचा आवाज गेला, तर तेच ह्याच्याशी हळू बोलायला लागले. जसे काही कानही कापून टाकलेत! बाबाजानला त्याचाच संताप जास्त येई.

टॅबलेट आणला वाल्मिकनं. आडतीवरचा जुना दोस्त. “मोबाईलवर तुझी बोटं बसायची न्हाईत,” तो म्हणाला, “ह्याला टायपिंगची पाटी हाय. लावायची, काढायची. दुकानदार म्हनला, स्वस्तातला हाय, लई अपेक्षा ठेवू नका. मी म्हनलो, आमचा मानूस बी तसलाच हाय.”

कीबोर्डावरची अक्षरं इंग्रजी. इन्शानं मराठी अक्षरं कागदावर काढून, कापून, चिकटपट्टीनं एकेका बटणावर बसवली. बाबाजानला ती नाना म्हणायची; तीच ह्या नानाची शाळा झाली. बाबाजाननं पहिलं वाक्य लिहिलं आणि बाई बोलली, “चहात साखर न्हाई.” त्याच्या बायकोनं, बिस्मिल्लानानीनं, कपाळावर हात मारला. “या अल्ला! इतक्या दिवसांनी त्वांड उघडलं आन् काय, तर चहा!” आणि पदरात तोंड घालून बराच वेळ रडली.

बाईला उर्दू यायचं नाही, बाबाजानला उर्दू लिहायला यायचं नाही. दोघांची जोडी मराठीवर जमली. घरात सगळे दखनी उर्दू बोलणारे, पण बाई मराठी बोलते म्हणून तेही त्याच्याशी मराठीच बोलू लागले. ‘लई’, ‘व्हय’, ‘न्हाई’ असं ती शहरी बाई ठेक्यात म्हणायची तेव्हा नानी लोटपोट व्हायची.

वस्तू गुणाची होती, खोटं कशाला बोला. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. दोनदा ओट्यावरून खाली पडला, ओरखडा सोडला तर काही नाही. कीबोर्डची बटणं ऐसपैस, बाबाजानचं जाड बोट शेजारच्या अक्षरावर जाईना. पण खोडीही कमी नव्हत्या. उन्हात गेलं की काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं. लिहिलेलं अक्षर आळस देत देत उमटायचं. आवाजाची जाळी मागच्या अंगाला, त्यामुळे गादीवर ठेवला की बाई उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी वाटायची. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती पाटी. नुसती चुंबकावर धरलेली. जरा धक्का लागला की सुटायची आणि सुटली की मेली. मग पुसा, बसवा, थांबा.

हे उझैरला माहीत होतं. पाहुणे गेल्यावर तो सासऱ्याजवळ येऊन बसला.

“अब्बा, राग मानू नका. भर मांडवात ते बंद पडलं तर? लोक हसतील. मला न्हाई हो सहन व्हायचं. विचारायचं काम माझा भाऊ करंल, तुमी शेजारी हुबे ऱ्हावा. मान तुमचाच.”

ज्या माणसाच्या आवाजावर बाजार उघडायचा आणि मिटायचा, त्याला आता नातीच्या लग्नात शेजारी उभं राहायचं होतं. बाबाजाननं टॅबलेट पुढ्यात ओढला. मग बाई बोलली, “उझैर. मी मुका हाय. मेलो न्हाई.”

उझैर मान खाली घालून उठला. चांगला माणूस होता, काळजीनंच बोलला होता.

संध्याकाळी काझीसाहेबांनी मात्र सरळ सांगितलं, “मुक्या मानसानं हातानं इशारा केला तरी आपन समजून घेतो. हितं तर अक्षर न् अक्षर हाय. शब्द वकिलाचा असला म्हंजे झालं. साक्षीदारांना नीट ऐकू यायला पायजे, तेवढं बघा.”

इन्शा खूश झाली. म्हणाली, “नाना, सवाल आधीच लिहून ठेवू. तिथं नुसतं बटन दाबायचं. पाटी सुटली तरी भ्या न्हाई.”

शहाणी पोर. पण बाबाजाननं मान हलवली ती हलवलीच. बोट चालू लागलं. “लिहून ठेवलेला सवाल शिळा असतो. तू समोर बसशील. तुला बघीन. मग विचारीन.”

“हट्टी हाय म्हातारा,” नानी आतून म्हणाली. पण तिचा स्वर काही रागाचा नव्हता.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. वाल्मिक पहिल्या रांगेत, नवा फेटा बांधून. बाबाजान पांढराशुभ्र सदरा घालून, टॅबलेट छातीशी धरून, दोन साक्षीदारांबरोबर बायकांच्या खोलीत गेला. इन्शा लाल ओढणीत मान खाली घालून बसली होती. त्यानं तिच्यासमोर बैठक मारली, टॅबलेट मांडीवर घेतला आणि तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग बोट चालू झालं.

बाई बोलली. पण खोली बायकांनी भरलेली, बांगड्या वाजताहेत, लेकरं रडताहेत. एक साक्षीदार कानानं अधू. “काय म्हनली? काय म्हनली?” तो कानाला हात लावून विचारू लागला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दारात उभ्या उझैरचा चेहरा उतरला.

तेवढ्यात बाहेरून काझीसाहेबांनी आपल्यापुढचा माइकच आत पाठवला. लांब वायर ओढत ओढत तो आला. इन्शाच्या मावशीनं तो टॅबलेटच्या जाळीपाशी धरला. बाबाजाननं पुन्हा बटण दाबलं आणि आता मांडवभर, मांडवाच्या बाहेर रस्त्यापर्यंत आवाज गेला, “इन्शा बेटी. भिंगारच्या आवेजशी, ठरल्या मेहरवर, तुझा निकाह लावायचा हाय. तुला कबूल हाय का?”

हसणं जागच्या जागी थांबलं. इन्शा म्हणाली, “कबूल हाय.”

एकदा झालं. तीनदा विचारायची इथली रीत. जुनाच सवाल पुन्हा वाजवता आला असता, पण हा गडी पहिल्यापासून लिहू लागला. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा उत्तर आलं. आणि तिसऱ्या वेळी व्हायचं तेच झालं. एक पोर धावत आलं, बाबाजानच्या गुडघ्याला धडकलं आणि पाटी सुटली. काचेवर नुसतं ‘इन्शा बेटी’ एवढंच.

बाबाजाननं ती पुसली, बसवली. काही नाही. पुन्हा पुसली. काही नाही. कपाळावर घाम आला, रुमालाखालचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. उझैर पुढे आला. “अब्बा, द्या, मी विचारतो. दोनदा तर झालंय.”

“विचारू द्या बापाला,” गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, “बोल गं पोरी, कळलं की आता काय विचारायचंय ते.”

इन्शानं मान वर केली. नवरीनं असं बोलू नये म्हणतात. ती बोलली. “नानांचं बोलून झालं न्हाई अजून.”

बस्स. उझैर मागे सरला.

बाबाजाननं पाटी बाजूला ठेवली. काचेवरच उमटलेल्या बारीक अक्षरांवर जाड बोट टेकवलं. चुकलं. खोडलं. परत चुकलं. परत खोडलं. माइक तसाच धरलेला, त्यामुळे मांडवात नुसती बोटाची टकटक ऐकू येत होती, आणि शे-दोनशे माणसं ती टकटक ऐकत बसली होती. कुणी खोकलंही नाही. बाजारात एवढी शांतता त्याच्या ऐन भरातल्या आवाजालाही कधी मिळाली नव्हती.

मग बाई बोलली. सगळा सवाल, नावानिशी, गावानिशी, एकही शब्द न गाळता. आणि शेवटी, “कबूल हाय का, बेटी?”

“हाय, नाना. कबूल हाय.”

बाहेर वाल्मिकनं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाला, “ऐकलं का? आमचा मानूस हाय तो.”

साक्षीदार उठले. बाबाजान बाहेर आला, काझीसाहेबांसमोर उभा राहिला. त्यांनी विचारलं, नवरी राजी आहे का? त्यानं लिहिलं, बाईनं सांगितलं. निकाह लागला. खजूर वाटले गेले. उझैर सासऱ्याजवळ आला, त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला. बाबाजाननं त्याच्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात.

दिवस कलताना पाठवणी झाली. फुलं लावलेली गाडी दारात, इंजिन चालू. भिंगारकरांना घाई, पाहुणे ताटकळलेले. नानी इन्शाच्या गळ्यात पडून रडली, आई रडली, मावशा रडल्या. इन्शा गाडीत बसली आणि काच खाली करून म्हणाली, “नाना, तुमी काहीच बोलला न्हाई.”

बाबाजाननं टॅबलेट काढला. आता पाटी शहाण्यासारखी बसली होती, पण कलतं ऊन थेट काचेवर. काही दिसेना. त्यानं अंगानं सावली केली, वाकला आणि एका बोटानं लिहायला लागला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

“ए, बंद कर गाडी!”

भिंगारचे मोठे चुलते पुढच्या सीटवरून खाली उतरले होते. त्यांनी मागच्या गाडीलाही हात केला. मग डोक्यावरची टोपी नीट करून ते बाबाजानच्या अंगावर येणाऱ्या उन्हाच्या बाजूला येऊन उभे राहिले. सावली आणखी दाट झाली.

सगळी वरात उभी राहिली. बोट चाललं होतं, एक अक्षर, मग दुसरं. कुणालाही कसलीही घाई नव्हती.

शेवटी बाई बोलली, “पोचली की फोन कर. नानीशी बोल. मी बाजूला बसून ऐकीन.”