जावयाच्या कानात

"रोज आपण जावयाच्या कानात उत्तर सांगायचं आणि शाबासकी मिळणार जावयाला," कपातली साखर ढवळत गुणगुणी कुरकुरली. "थोरलीसाठी करतेय म्हणून. नाहीतर बोट लावलं नसतं मी त्याला."

"हळू बोल जरा," मामा म्हणाले.

थोरली तिथेच होती. चहाच्या खोलीतल्या कपाटाच्या उघड्या दाराआड, हात पुसायला कागद शोधत. तिने दार लावलं तसे दोघंही एकदम चहाच्या रंगाबद्दल बोलायला लागले. चहा आज फार गडद झालाय यावर मामांचं आणि गुणगुणीचं एकमत झालं. एरवी त्या दोघांचं कशावर म्हणून एकमत व्हायचं नाही.

जावई म्हणजे नवीन यंत्र. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण तक्रारीच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं झालं. दिवसभर लाड करून घेतो, काम कुणी दुसरंच करतं आणि कौतुक याचं, असा कोण असतो घरात, असं मामांनी विचारलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करायची. इमारतींमधले, दवाखान्यांतले, दुकानांतले लोक फोन करत आणि तो या टेबलावर वाजे. टेबलाची एक रीत होती. कुणी लिखापढी करून ठेवलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आत माणूस अडकला असेल तर तो बाहेर पाऊल ठेवेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही. मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं. बोलायला काही उरलं नाही तर गुणगुणी गुणगुणायची, म्हणून तिचं हे नाव. मामा पूर्वी स्वतः मेकॅनिक होते. गुडघ्यांनी दगा दिला तसे टेबलावर आले आणि आता कोणत्या मेकॅनिकला कुठे पिटाळायचं ते बघायचे. थोरली या टेबलावरचीच, फोन घेता घेता व्यवस्थापक झालेली. सगळ्या बायांत थोरली, म्हणून थोरली. तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेले मामासुद्धा तिला थोरलीच म्हणायचे.

जावयाने फोनवरचं बोलणं ऐकायचं आणि तक्रार तातडीची की साधी ते ठरवायचं. ते पटलं तर टेबलावरच्या माणसाने हिरवं बटण दाबायचं, नाही पटलं तर लाल. लाल-हिरव्याचा हिशेब समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचा. साहेब येता-जाता तिथे थबकायचे, आरशासमोर थबकतात तसे.

हे सगळं सुरळीत लावून द्यायची जबाबदारी साहेबांनी थोरलीवर टाकली होती. "तुम्हाला यंत्रातलं कळायची गरज नाही," ते म्हणाले होते. "माणसं तुमचं ऐकतात, तेवढं पुरे." थोरलीला ही आपली स्तुती वाटली, ती जिन्यापर्यंत टिकली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की मेंढ्या हाकायला पुढे घंटा बांधलेली मेंढी लागते, तिला कुठे चाललोय ते कुणी सांगत नाही.

म्हणून तंत्र न शिकलेल्या व्यवस्थापकांसाठी वर्ग सुरू झाला, तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. गोदामाचे, खरेदीचे, हिशेबाचे प्रमुख मागे बसले आणि पडद्यावर येईल ते उतरवून घेत राहिले. शिकवणारा काटकुळा, मृदू बोलणारा, दर दोन वाक्यांनी पाण्याचा घोट घेणारा. थोरलीने त्याला हात वर करून विचारलं की माणूस स्वतः सांगतोय काय झालंय ते, तर यंत्राला अंदाज बांधायची वेळ का यावी. मागे कुणीतरी खुदकन हसलं. शिकवणारा हसला नाही. त्याने बाटली खाली ठेवली.

"यंत्राच्या पोटात काय आहे ते तुम्हाला नाही कळलं तरी चालेल," तो म्हणाला. "पण ते कुठे चुकतं हे जर तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही त्याला चालवत नाही. ते तुम्हाला चालवतंय."

हे तिने लिहून घेतलं नाही. लिहायची गरज पडली नाही.

टेबलावर परत येऊन तिने जावयाच्या चुका शोधायला घेतल्या. एकही सापडेना. आठवडेच्या आठवडे भिंत हिरवीगार. आधी तिला अभिमान वाटला. मग दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं. मामांनी एकदा मेकॅनिकला सारख्याच नावाच्या भलत्या इमारतीत धाडलं होतं. गुणगुणीने एकदा एका तिरसट बाईला फोन चालू असतानाच तिरसट म्हटलं होतं. थोरलीच्या स्वतःच्या चुका तर विचारूच नका. न चुकणारं म्हणून या टेबलावर आजवर काही आलेलं नव्हतं. तिने ती हिरवी भिंत शिकवणाऱ्याला दाखवली. "फारच छान," तो म्हणाला, पण एखाद्याचं बाळ फारसं गोंडस नसावं आणि तरी काहीतरी बोलावं लागावं, अशा आवाजात.

साहेबांना मात्र दातात अडकण्याचा त्रास नव्हता. त्यांनी थोरलीला आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि बसायला सांगितलं म्हणूनच बातमी बरी नाही हे ती समजून चुकली. वरचे लोक खूश आहेत, ते म्हणाले. बाकीच्या शाखांचे व्यवस्थापक येणार आहेत, त्यांच्यासमोर तुम्ही यशाची गोष्ट सांगायची. आणि यंत्र इतकं सांभाळून घेतंय म्हटल्यावर फोनचं टेबल आता आवरतं घेऊ. टेबलावरच्या लोकांना दुसरीकडे कुठेतरी सामावून घेऊ.

सामावून घेणं म्हणजे काय ते कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. गोदामातले दोघं असेच सामावले होते, त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी नवरा तिला न्यायला आला तो शिकाऊ गाडी घेऊन. तो गाडी चालवायला शिकवायचा. गाडीच्या टपावर मोठी पाटी आणि चालकाच्या जागी एक विद्यार्थीण. पेशाने दातांची डॉक्टर, पण स्टिअरिंगला अशी घट्ट धरून बसली होती की जणू तेच उपटून काढायचं आहे. थोरली मागे बसली. चौकाच्या अलीकडे एक सायकलवाला अचानक आडवा आला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"बघितलंत? वेळेवर दाबला," डॉक्टरीण उजळून म्हणाली.

"छान," नवरा म्हणाला.

डॉक्टरीण तिच्या दाराशी उतरली तशी थोरली पुढे येऊन बसली. म्हणाली, "अहो, ब्रेक तिने दाबला नाही. तिचा पाय तर वर होता, मी मागून बघितला."

"मी दाबला." त्याने शिकवणाऱ्याच्या जागेखालचा, आता तिच्या पायाशी आलेला दुसरा ब्रेक दाखवला. "सुरुवातीला दाबावाच लागतो. त्यांना वाटतं आपणच दाबला, बरं वाटतं बिचाऱ्यांना. पण परीक्षेच्या आधी मी पाय काढून घेतो. नाहीतर पास मी होईन आणि रस्त्यावर ती येईल."

घरी पोचेपर्यंत नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं नाही का. तिच्या डोळ्यांपुढे गुणगुणीचा चमचा कपात फिरत होता.

सकाळी तिने गुणगुणीला आणि मामांना चहाच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं. कपाटाआडून मी सगळं ऐकलंय, ती म्हणाली, चहाच्या रंगाचं पुराण नको. गुणगुणीने आधी मामांकडे पाहिलं, मग छताकडे, मग सगळं सांगून टाकलं. यंत्राने अंदाज बांधायच्या आधी टेबलावरच्या माणसाला एक ओळ लिहायची सोय होती, इमारत जुनी आहे वगैरे, अशा गोष्टींसाठी. त्यात यांनी उत्तरच लिहायला सुरुवात केली. आत माणूस आहे, तातडीची. किंवा, नुसता दिवा गेलाय, साधी. जावई ती ओळ वाचायचा आणि तेच उत्तर मोठ्या रुबाबात परत द्यायचा. मग हिरवं बटण. पहिल्या दिवसांत लाल फार व्हायला लागलं होतं आणि साहेब भिंतीसमोर उभे राहून विचारत होते की तुमच्या व्यवस्थापकबाईंना हे झेपत नाहीये का.

"तुझी फजिती बघवेना आम्हाला," मामा म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "तुला यंत्रातलं कळत नाही म्हणून तुला बाजूला करतील, असं वाटलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं."

थोरलीला इतका संताप आला की हसूच फुटलं, आणि मग डोळे भरून आले. तिला वाचवायला म्हणून या शहाण्यांनी जावयाला घोकवून घोकवून पास केलं होतं, आणि आता पास झालेला जावई यांनाच घराबाहेर काढणार होता. वर तिची अब्रू झाकलेली, तीही तिला न विचारता. ती म्हणाली की पुन्हा माझी कीव करायची झाली तर तोंडावर करा, निदान भांडता तरी येईल.

मग तिने सांगितलं, आज दुपारभर ती ओळ कोरी ठेवायची. मेकॅनिक आपल्या डोक्यानेच पाठवायचे, कुणाला लटकत ठेवायचं नाही. पण जावई काय म्हणतो ते तसंच दिसू द्यायचं आणि पटलं नाही तर बिनधास्त लाल.

दुपारी एका उपाहारगृहाच्या मालकाचा फोन आला. लिफ्टमधला दिवा लुकलुकत होता आणि तो जग बुडाल्यासारखा ओरडत होता. जावई म्हणाला, तातडीची. थोड्या वेळाने एका बाईचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. काही घाई नाही हो, सवडीने या, असं ती म्हणत होती. जावई म्हणाला, साधी, उद्या. गुणगुणीने विचारलं, बाई, तुम्ही हळू का बोलताय. बाळ कडेवर झोपलंय, बाई म्हणाली, उठलं तर या एवढ्याशा डब्यात रडून जीव नकोसा करेल. गुणगुणीने लाल बटण दाबलं, मामांनी सगळ्यात जवळचा मेकॅनिक पिटाळला, आणि दार उघडेपर्यंत गुणगुणी फोनवर अंगाई गुणगुणत राहिली. बाळाची झोप मोडली नाही. मामांना मात्र दोनदा डुलकी लागली.

तरी जावई अगदीच टाकाऊ नव्हता. अर्धवट पत्त्यावरून इमारत शोधणं, तिथली लिफ्ट पूर्वी कधी कशाने बंद पडली होती ते चटकन पुढे ठेवणं, हे तो मामांपेक्षा झपाट्याने करायचा. मामांनी हे नाक मुरडत का होईना, कबूल केलं. थोरलीला तेच बघायचं होतं.

ती सरळ साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि ते तिला रागापेक्षा वाईट वाटलं. वर आकडे गेलेत, ते म्हणाले. हळूहळू सुधारून घेऊ. सभेत मात्र एक अक्षर नको. आणि हे उघडं पडलं तर तुमच्या टेबलावरच्या लोकांवर काय कारवाई होईल, याचाही विचार करा.

तिने विचार केला. परत येऊन मामांना आणि गुणगुणीला विचारलंसुद्धा, कारण मान त्यांचीही अडकणार होती. गुणगुणीने पेनाचं टोपण चावलं. मग म्हणाली की गप्प बसलो तरी जाणारच आहोत, तर मग निदान तोंडाचा व्यायाम करून जाऊ. मामा म्हणाले, मी सांगतो सगळं मीच केलं म्हणून, माझी नोकरी राहिलीय तरी किती. थोरली म्हणाली, मामा, तुम्ही गुडघे सांभाळा.

सभेच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि पाण्याच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. इतर शाखांचे व्यवस्थापक, वर्गातले गोदामाचे प्रमुख, वरच्या कचेरीतून आलेले दोघं, भिंतीला टेकून शिकवणारा. मागच्या खुर्च्यांवर मामा आणि गुणगुणी, पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे ताठ. साहेबांनी थोरलीची ओळख करून दिली आणि पडद्यावर ती हिरवीगार भिंत लावली.

थोरली उभी राहिली. आधाराला म्हणून तिने टेबलाला मांडी टेकवली. दोन फोनांची गोष्ट तिने सांगितली. दिव्यासाठी ओरडणाऱ्या मालकाची आणि बाळासाठी कुजबुजणाऱ्या बाईची. यंत्राने कुणाला काय म्हटलं तेही सांगितलं. खोलीत खुर्च्या करकरल्या. हे यंत्र मला हवंय, ती म्हणाली, पत्ते शोधायला त्याच्यासारखं कुणी नाही. पण त्याच्या चुका भिंतीवर सगळ्यांना दिसल्या पाहिजेत, लाल बटण दाबणाऱ्याला कुणी जाब विचारता कामा नये, आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत फोन धरून ठेवणारं टेबल हलणार नाही.

"पण आकडे वेगळं सांगतात," वरच्या कचेरीतला एकजण म्हणाला.

साहेब घाईने हसले. "बाईंचं मन मोठं आहे. पण त्या स्वतःच म्हणतात, त्यांना यातलं तांत्रिक काही कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीवर आपण कशाला बोलायचं, नाही का?"

दोघं-तिघं सुटल्यासारखे हसले. मागे गुणगुणीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती उठायला निघाली होती, मामांनी तिचा हात धरला. थोरलीने मांडी टेबलापासून दूर केली. आता टेकायची गरज उरली नव्हती.

"नाही कळत मला," ती म्हणाली. "इथे कुणाला कळतं, त्याने हात वर करावा."

कुणाचाच हात वर गेला नाही. गोदामाचे प्रमुख आपल्या बाटलीवरची अक्षरं वाचायला लागले. शिकवणाऱ्याचा हात कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. साहेब पडद्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडद्याचा हिरवा उजेड पडला होता.

"मग मीच सांगते," थोरली म्हणाली. "पडद्यावरची ती हिरवी उत्तरं यंत्राची नाहीत, साहेब. आम्ही त्याच्या कानात सांगत होतो. मला कळत नाही हे झाकायला माझ्या माणसांनी सांगितली, आणि तुम्हाला कळत नाही हे झाकायला तुम्ही ती वर पाठवलीत. इथे कुणालाच हे यंत्र कळलेलं नाही, म्हणून सगळे म्हणतायत की ते चाललंय."