एकोणिसाव्या दिवसाचं गाणं

एकोणिसाव्या दिवसाशी येऊन धनराज अडकला. आधीचे अठरा दिवस सोपे गेले होते. पावसाचं गाणं, गाडी चालवताना ऐकायचं गाणं, अर्थ न कळताच आवडलेलं गाणं. रोज एक विषय आणि त्याला साजेसं एक रॉकचं गाणं, असा महिनाभराचा खेळ कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर चालू होता. खेळ काढला होता दीपिकानं. ती आता गोंडपिपरीला शाळेत शिकवते, आणि कुणाला ना कुणाला गृहपाठ दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तीसही विषय तिनं पहिल्याच दिवशी टाकून दिले होते. एकोणिसावा होता, ज्या गाण्यानं कुणाची तरी माफी मागावी असं गाणं.

धनराज वनरक्षक होता. भामरागडच्याही पुढे, नदीपल्याड, तीस घरांच्या गावात त्याची चौकी. लग्न दोनदा जमता जमता मोडलं, कारण मुलीकडचे अर्धा रस्ता बघूनच परत गेले. ग्रुपवर मात्र त्याचा थाट वेगळा होता. खात्याच्या जिपेला टेकून काढलेले फोटो, अस्वलाच्या गोष्टी, ‘इकडे मजाच मजा’. सगळे त्याला जंगलचा राजा म्हणायचे. या राजाकडे गेल्या चार महिन्यांत पाहुणा म्हणून फक्त एक साप येऊन गेला होता, हे त्यानं कधी लिहिलं नाही.

माफी मागायची होती ती पवनची. चंद्रपूरला कॉलेजात असताना चौघांचा बँड होता. गिटार पवनची, गळा धनराजचा. नागपूरच्या स्पर्धेत निवड झाली, पवननं उसनवारी करून नवी गिटार आणली, आणि नेमकी स्पर्धेच्याच दिवशी वनरक्षक भरतीची धावण्याची चाचणी आली. धनराज कुणाला काही न सांगता धावायला गेला. पवन स्टेजवर गायकाची वाट बघत उभा राहिला, लोकांनी हुर्यो उडवली, आणि शेवटी तो तसाच उतरला. याला सोळा वर्षं झाली. पवन ग्रुपवर होता, सगळ्यांच्या गाण्यांवर भरभरून लिहायचा. धनराजच्या गाण्याखाली मात्र त्याचं एक अक्षर नसे.

गाणं आजच ठरायला हवं होतं, कारण पुरात मोबाइलचा टॉवर बंद पडला होता आणि लच्छू उद्या सकाळी बाजाराला निघणार होता. टॉवर बंद पडला की गावाची एक रीत होती. लच्छू हा पन्नाशीचा गडी डोंग्यानं नदी पार करून बाजाराला जाई आणि गावातले सगळे फोन प्लास्टिकात गुंडाळून थैलीत घेऊन जाई. तिकडे पानठेल्यावर बसून तो एकेक फोन चालू करी. लिहून ठेवलेले निरोप आपोआप सुटत, आलेले आत येत, आणि दिवस मावळायच्या आत थैली परत येई. धनराजनं पुढच्या आठवडाभराची गाणी अशीच भरून ठेवली होती. फक्त एकोणिसावा रिकामा होता.

त्यानं मेमरी कार्ड उलटंपालटं केलं. पहिलं गाणं काढलं ते फारच रडकं निघालं, पवन हसला असता. दुसऱ्यात गायक माफी मागता मागता समोरच्यालाच चार शब्द सुनावत होता. तिसरं चांगलं होतं, पण त्यातली गिटार पवनला कधीच आवडली नव्हती. शेवटी धनराजनं कार्ड बाजूला ठेवलं. नागपूरला जे गाणं म्हणायचं होतं ते त्याला अजून पाठ होतं. दार लावून, फोन पाटावर ठेवून, तो ते अख्खं गायला. साथीला वाद्य नाही, वरच्या पट्टीत गळा फाटला, मध्ये बाहेर कोंबडा आरवला. पुन्हा ऐकलं असतं तर त्यानं ते पुसलंच असतं, म्हणून न ऐकताच पवनचं नाव लिहून ग्रुपवर पाठवून दिलं. त्यापुढे घड्याळाचं इवलंसं चित्र आलं आणि तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो नदीकाठी तीनदा जाऊन आला. लच्छू आला तो संध्याकाळी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. धनराजनं उभ्यानंच फोन उघडला. सगळी गाणी सुटली होती. दीपिकानं टाळ्या वाजवल्या होत्या, आणखी दोघांनी अंगठे. पवनचं काही नव्हतं. धनराजनं सगळं पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“फोन आल्ता तुमाले,” लच्छू पाय धूत म्हणाला.

इथंच धनराज चुकला होता. थैलीतला फोन वाजला की लच्छू तो उचलतो आणि झालेलं बोलणं घरी येऊन शब्दन् शब्द सांगतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. धनराजला कुणाचा फोनच येत नसे, त्यामुळे त्याच्या ते ध्यानातच नव्हतं.

“कोणाचा?”

“पवन म्हनून कोनी. म्हने, गानं ऐकलं. म्हने, इतक्या वर्सानं आता काऊन? मी म्हनलो, मले काय मालूम बावा, गार्डभाऊ नदीच्या पल्याड हायेत. त म्हने, कोन कोन राह्यते त्याच्यासंग? मी म्हनलो, कोनीच नाई. एकला मानूस. येकटाच रांधते, येकटाच खाते. कदी कदी घरात बोलून राह्यते त आमाले वाटते कोनी पाव्हना आला, पाहाले जातो त कोनीच नसते.”

धनराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षं जपलेला थाट या माणसानं पानठेल्यावर बसून दोन मिनिटांत उतरवला होता. तेही नेमकं पवनसमोर.

“मग? काय म्हणाला तो?”

“म्हने, मी फोन केलो हे त्याले सांगू नोको.”

“आणि तू सांगितलंस?”

“फोनातलं घरी सांगाचं नाई त मंग थैली कायले नेतो मी?” लच्छू जरा दुखावूनच म्हणाला.

धनराज ओट्यावर बसला. म्हणजे पवननं ऐकलं होतं, आणि ते आपल्याला कळू नये असंही त्याला वाटत होतं. आता त्याला उत्तर देता येणार नव्हतं, ग्रुपवर काही विचारता येणार नव्हतं. राग गेला की नुसती कीव आली, हेही कळायला मार्ग नव्हता. लच्छू थैली उचलून पुढच्या घराकडे निघाला, तसा धनराजनं त्याला हाक मारली.

“लच्छूभाऊ, आवाज कसा होता त्याचा?”

लच्छूनं जरा आठवून पाहिलं.

“सुरवातीले साजरा होता. मंग सर्दी झाल्यावानी झाला.”

“पुन्हा सांग.”

“सर्दी झाल्यावानी,” लच्छू म्हणाला.