अर्धा अंगठा

मतं उघड्यावर, आंब्याच्या झाडाखाली मोजत होते. अधिकारी एकेक मतपत्रिका सगळ्यांसमोर उंच धरायचा आणि गाव एका सुरात ओरडायचं.

कंदील.

कंदील म्हणजे गव्हर्नर, पुन्हा उभा राहिलेला.

होडी.

होडी म्हणजे उतिबे, याच गावचा, इक्वोचा पाठचा भाऊ. राज्यात आपण पडणार हे त्यालाही ठाऊक होतं. फक्त आपल्या गावच्या केंद्रावर पडू नये, एवढंच. तिथं पडलेल्याला लोक जन्मभर हसतात. सकाळी तो इक्वोला म्हणालाही होता, "बाकी कुणाचं सांगत नाही ताई, तुझं एक धरून चाललोय."

होडी. कंदील. होडी.

इक्वोची मुलगी इदारा सरकारी इस्पितळात नर्स होती, कच्च्या नोकरीवर. निवडून आलो की पक्की करू, असा गव्हर्नरच्या माणसांचा निरोप होता. मत देताना पडद्याआड इक्वो बराच वेळ नुसती उभी राहिली होती. मग सवयीनं उजवा अंगठा शाईला लावला. खरं तर कुठलंही बोट चाललं असतं.

कंदी

गावाचा आवाज अर्ध्यावरच तुटला. कागदावरचा ठसाही अर्धाच होता. कसावा किसायच्या यंत्रात अंगठ्याचं पेर गमावलेली बाई गावात एकच.

ठसा अपुरा आहे, बाद धरायचं का, असं अधिकाऱ्यानं विचारलं.

"बाद कसा?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्या अंगठ्याच्या हातची, कसाव्याच्या किसाची गारी खाऊनच वाढलोय आम्ही."

लोक हसले. उतिबे हसला नाही, त्यानं बहिणीकडे पाहिलंही नाही.

"ठसा चौकटीत आहे," तो म्हणाला. "कंदिलाचं मत आहे. मोजा."

केंद्र उतिबेच्या हातून गेलं. दुसऱ्या दिवशी रेडिओनं गव्हर्नर पुन्हा निवडून आल्याचं सांगितलं. फरक एवढा मोठा, की इक्वोचं मत कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

ती भावाकडे गेली. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. भावजयीनं रस्सा वाढला. धाकट्यानं थोरल्याच्या हातावर पाणी घालायचं, म्हणून उतिबे तांब्या घेऊन उभा राहिला.

इक्वोनं हात पुढे केला. डावा.

डाव्या हातानं आपल्यात कुणी जेवत नाही.

तो तांब्या धरून थांबला. रस्सा निवत होता.

"उजवा, ताई," तो हळूच म्हणाला.

तिनं लुंगीच्या घडीतून शाईचा हात बाहेर काढला.