पाणकांदा

मैनाच्या माहेरी, वणीच्या अलीकडच्या एका खेड्यात, ओढ्याच्या वाळूत पाणकांदा उगवायचा. पट्ट्यासारखी लांब पानं, पावसाळ्यात मधून वर येणारा दांडा आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं. संध्याकाळी ती उमलली की काठाकाठानं वास सुटायचा. ऐंशी साली खालच्या अंगाला धरण पुरं झालं. येत्या पावसाळ्यात ओढा, मळा, घरं सगळंच पाण्याखाली जाणार होतं.

मैना तेव्हा नाशिकरोडच्या वसाहतीत राहत होती. दिवस भरत आले होते, एस.टी.चा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून एका रविवारी तिनं नवऱ्याला, धोंडीरामला, माहेरी धाडलं. तो कचेरीत कारकून होता. आईसाठी नवं लुगडं बांधून देत ती म्हणाली, "येताना ओढ्यातला एक कांदा मुळासकट काढून आणा."

"कांदाच हवा तर लासलगावला जातो की," तो हसत म्हणाला.

दिवेलागणीला तो परतला. पिशवीत चिखलानं माखलेला कांदा होता.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. लुगडं बघून डोळे भरून आले तिचे. म्हणाली, मैनाला सांगा, माझा घोर करू नको, मी सुखात हाय."

दिवाळीच्या सुमारास धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत आई वारली. मैना तान्ह्या पोराला घेऊन गेली. तिचा थोरला भाऊ कारभारी दारातच म्हणाला, "आईनं शेवटपर्यंत वाट बघितली तुझी. तुमच्याकडनं एक माणूस आला नाय."

"हे येऊन गेले की. लुगडं दिलं ना आईला."

"कुठलं लुगडं?"

नवऱ्याला कमीपणा आणायला भाऊ खोटं बोलतोय, असंच तिला वाटलं. जमलेल्या भावकीसमोर ती म्हणाली, "आईचं लुगडं बायकोला नेसवलंस आणि वर आम्हाला नावं ठेवतोस?" त्यानंतर तिचं माहेर तुटलं ते तुटलंच. उरला होता आईचा निरोप आणि तो कांदा.

डब्यात लावलेल्या कांद्याची पानं उन्हाळ्यात पिवळी पडली. ओढ्यात तो निम्मं वर्ष पाण्यात उभा असायचा, हे आठवून तिनं सार्वजनिक नळाचं पाणी जिथं मुरायचं तिथं खड्डा खणला, दारणा नदीतली वाळू आणून काळ्या मातीत कालवली आणि त्यात तो लावला. कांद्यानं जीव धरला. बाजूला पिल्लं फुटली. पण फूल येईना. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात मात्र दांडा वर आला आणि एका संध्याकाळी कळ्या उमलल्या.

"आलं गं तुझ्या माहेरचं फूल," शेजारची फुलाबाई म्हणाली. "उद्या विहारात दोन नेऊ का?"

मैना उकिडवी बसून बघत राहिली. फूल पांढरंच होतं, वासही होता. पण पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक, आणि मधोमध पातळ पांढरी वाटी, तिच्या काठावर केसर उभे. पाणकांद्याला वाटी नसते. त्याचे केसर तांबूस असतात, सुटे असतात. लहानपणी तिनं ती फुलं मांडीवर घेऊन सोलली होती.

माती बदलल्यानं असं होत असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. सकाळी स्टेशनसमोरच्या बागेवरून जाताना ती थबकली. कुंपणाच्या कडेनं तीच पानं, तीच वाटीची फुलं ओळीनं फुलली होती.

संध्याकाळी धोंडीराम चहा घेत होता.

"तुम्ही माझ्या माहेरी गेलाच नव्हतात."

त्यानं बशी खाली ठेवली. "गाडी चुकली होती. मग पंचवटीत माझ्या आक्काकडे गेलो. जेवलो, डोळा लागला. एवढ्या जुन्या गोष्टी आता कशाला काढतेस?"

"लुगडं?"

"आक्काला आवडलं."

"आणि आई बोलली ते?"

"तुझे दिवस भरलेले. तुला बरं वाटावं म्हणून बोललो." बशी पुन्हा उचलत तो म्हणाला, "फूल पांढरंच आहे ना?"

पुढच्या रविवारी ती एकटीच भावाकडे गेली. कारभारी गोठ्यात शेण ओढत होता. त्यानं हात धुतले, तिला पाणी दिलं.

"दादा, तू खरं बोलत होतास. हे आले नव्हते."

"मला ठाऊक हाय. मी तेव्हा घरीच होतो."

"मी तेव्हा तुला जे बोलले..."

"तेव्हा सगळ्या भावकीत बोललीस, मैना. आज मला एकट्याला सांगतीस."

भावजय चंद्रभागानं चहा आणला. कपाकडे बघत मैनानं विचारलं, "आईला काही बोलायचं होतं का मला?"

"बोलायचं असंल. आम्हाला काय सांगणार ती?"

एवढं बोलून तो पुन्हा गोठ्यात गेला. एस.टी.ची वेळ झाली तशी ती उठली. चंद्रभागा फाट्यापर्यंत सोबत आली. कारभारी आला नाही.